बाकावर येऊन बसलेली गायिका

आमचे हे स्वतःच्या कपड्यांना कधी इस्त्री करत नाहीत. त्या दिवशी सकाळी केली. तीही निळ्या शर्टाला, जो मुलाच्या लग्नानंतर कपाटाबाहेर आला नव्हता. मी दारात उभी राहून बघत होते.

"नवरदेव निघालेत कुठं?" मी विचारलं.

"कॅमेरा येणार आहे ना," ते म्हणाले आणि कॉलर उलटी करून दाबायला लागले.

कॅमेरा येणार होता हे खरं. पण कॅमेऱ्याबरोबर ती येणार होती, आणि पाणी मुरत होतं ते तिथंच.

तर ही ती कोण, ते सांगते. आमचे हे तरुणपणी टीव्हीवर विनोदी कामं करायचे. तेव्हा एकच वाहिनी होती आणि कार्यक्रम थेट दाखवायचे. चुकलात तर जगादेखत चुकलात. एकदा त्यांच्या प्रहसनात एक मोठी नावाजलेली गायिका पाहुणी म्हणून आली. गंमत अशी की, जिच्या आवाजावर लोक जीव टाकायचे तिला अख्ख्या प्रहसनात तोंड उघडायचं नव्हतं. डॉक्टरांकडची बसायची खोली, घसा बसलेली ही बाई, बोलायची बंदी. समोरच्या बाकावर आमचे हे, म्हणजे एक बडबडा पेशंट. हे तिला ओळखत नाहीत आणि गाणं कसं म्हणावं ते तिलाच शिकवतात. मधेमधे दाराआडून कंपाउंडर ओरडतो आणि हे त्याला उलट उत्तरं देतात.

नवरा टीव्हीवर होता, पण टीव्ही घरात नव्हता. मी शेजारी जाऊन बघितलं. अर्ध्यावर ती बाई खुर्चीतून उठली, सरळ यांच्या बाकावर येऊन बसली आणि यांचं मनगट धरलं. शेवटपर्यंत सोडलं नाही. सगळे हसून लोळत होते. शेजारीण तेवढी माझ्याकडे बघत होती.

"हे आधी ठरलेलं होतं का हो?" तिनं विचारलं.

घरी आल्यावर मी यांना तेच विचारलं. "नव्हतं," म्हणाले आणि टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांत यांनी टीव्ही सोडला. नाव होत असताना सोडला. छापखान्यात नोकरी धरली, जिथं यंत्रांच्या खडखडाटात कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही. कारण विचारलं तर, कंटाळा आला. टाळ्यांचा कंटाळा आलेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. तेव्हा मनात जी पाल चुकचुकली ती चुकचुकतच राहिली. रेडिओवर तिचं गाणं लागलं की मी यांच्या तोंडाकडे बघायची. दिवसा घरात सासूबाई, मुलगा. असल्या गोष्टी बोलायच्या कशा? रात्री अंथरुणात बोलायची. टोमणे मारले, अबोला धरायची धमकी दिली, एकदा तर रडत रडत सरळ विचारलं, तुमचं तिच्यावर मन होतं का. हे भिंतीकडे तोंड करून, उजव्या कुशीवर, ढिम्म. सकाळी उठून म्हणायचे, "चहा झाला का गं?" ह्या कानानं ऐकायचं आणि त्या कानानं सोडून द्यायचं, असा हा माणूस, हे मी सगळ्या नातेवाइकांना सांगून ठेवलं होतं.

आता वाहिनीवाल्यांना ती जुनी टेप सापडली होती. त्यातली हयात माणसं दोनच. दोघांनी एकत्र बसून ती बघायची आणि ते बघताना त्यांना टिपायचं, असा बेत होता. सूनबाई हरखून गेली होती. मी बिस्किटं बशीत मांडत होते आणि प्रत्येक बिस्किटावर राग काढत होते.

ती आली ती काठी टेकत. केस पांढरे, पाय सुजलेले. आवाज पार घोगरा झाला होता. मला वाईट वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं. माझं लक्ष ती कुठं बसते याकडे होतं. समोर चांगली पाठीची खुर्ची होती. सूनबाईनं उशीसुद्धा ठेवली होती. बाई त्या खुर्चीला वळसा घालून गेली आणि सोफ्यावर यांच्या उजव्या हाताला बसली. यांचा चेहरा खुलला. कॅमेरावाला म्हणाला, वा, छान.

छान म्हणे.

सूनबाईनं मोठ्या टीव्हीवर टेप लावली. शेजाऱ्यांच्या त्या पडद्यावर मुंग्याच जास्त दिसायच्या. इथं सगळं लख्ख होतं. मी चहाचा ट्रे घेऊन सोफ्यामागे उभी राहिले. कंपाउंडर पहिल्यांदा ओरडला. दार यांच्या डाव्या बाजूला होतं. हे काहीच बोलले नाहीत. नुसते हसत बसले. कंपाउंडर पुन्हा ओरडला, तरी तेच. प्रेक्षकांना वाटलं, मुद्दामच चाललंय. पण मी यांना ओळखते. यांच्या कपाळावर घाम होता. तेवढ्यात ती उठली, बाकावर आली, मनगट धरलं. कंपाउंडर ओरडला, तिच्या बोटानं मनगटावर टिचकी मारली आणि हे बोलले. पुन्हा कंपाउंडर, पुन्हा टिचकी, पुन्हा हे. मी डोळे फाडून तिची बोटं बघत राहिले. एकही टिचकी चुकली नाही.

मी हातातला ट्रे खाली ठेवला. यांच्या डाव्या खांद्याजवळ वाकले आणि हळूच, जे त्या रात्री रडत विचारलं होतं तेच विचारलं. "तुमचं तिच्यावर मन होतं का?"

हे पडद्याकडे बघून हसत होते. पापणीही लवली नाही.

बाई मात्र माझ्याकडे बघत होती. "तालमीत तो कंपाउंडर समोर उभा राहायचा," ती म्हणाली. "त्या दिवशी कॅमेऱ्यासाठी दार हलवलं. माझ्या लक्षात आलं ते तिथंच. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

नव्हतं माहीत. रस्त्यानं चालताना मला कायम उजव्या हाताला ठेवणारा माणूस. मी त्याला हेकेखोर म्हणत आले.

"बाई, तुम्ही उठा," मी म्हटलं. "ती जागा माझी आहे."

सूनबाईनं जीभ चावली. बाई मात्र काठी टेकून उठली आणि समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. मी यांच्या उजवीकडे बसले.

"डावा कान कधीपासून बंद आहे?"

हे एवढेसे झाले. आधी बाईकडे बघितलं, मग माझ्याकडे. "लहानपणी ताप आला होता तेव्हापासून. लग्न ठरताना घरच्यांनी सांगू दिलं नाही. मग वाटलं, आता सांगितलं तर फसवलं म्हणशील. आणि त्या दिवसानंतर टीव्हीवर उभं राहायची हिंमतच गेली."

मला राग आला. खरंच फसवलं होतं. आणि पोटातून हसूही येत होतं, आणि रडूही.

"आणि मी रात्री बोलायची ते?"

"रात्री?" त्यांनी अगदी भाबडेपणानं विचारलं. "रात्री तू काही बोलायचीस का?"

एवढी वर्षं मी उशीशी भांडत होते.

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला होता. टीव्हीवर हे अजून त्या बाईला गाणं शिकवत होते आणि लोक हसत होते. मी यांचं मनगट धरलं.

"सांगेन," मी म्हटलं. "पण आजपासून उजव्या कुशीवर झोपणं बंद. आणि भिंतीकडे मी झोपणार."