झाकणाखाली कोंडलेला वास

मी एक जुना डेसिकेटर आहे. नाव ऐकून बिचकू नका, मित्रांनो. जाड काचेचं, घट्ट झाकणाचं भांडं म्हणजे मी. माझ्या पोटात सिलिकाचे निळे खडे असतात, ते ओल शोषून घेतात. वरच्या जाळीवर विद्यार्थी आपापली संयुगं बशीत घालून सुकायला ठेवतात. भिवंडीच्या एका कॉलेजात माझं आयुष्य गेलं. शेजारच्या कारखान्यातले कापडाचे लूम सुरू झाले की टेबल थरथरतं, त्याचीही आता सवय झालीय.

एके काळी माझा काय थाट होता! झाकणाला ग्रीस लावल्याशिवाय कुणी मला हात लावत नसे. पुढे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. यंदा अदिती आणि भाविका या दोन मुलींनी मला पुन्हा कामाला लावलं.

भाविका खारबाव गावची. तिचं काम लिगँडवर; लिगँड म्हणजे धातूला धरून बसणारा रेणू. तिच्या लिगँडमधल्या अणूंच्या कड्यात नायट्रोजन होता. तो तांब्याशी जोडून ती हिरवंगार संयुग बनवी. अदितीचं काम कोबाल्टचं, पिरिडिन नावाच्या उग्र वासाच्या द्रवात. त्या द्रवातही नायट्रोजन असतो. पिरिडिनची ओली बशी आधी वास ओढणाऱ्या पंख्याखाली सुकवायची, मगच माझ्यात ठेवायची, हा इथला नियम. पण एका संध्याकाळी घरच्या वाटेवर मानकोलीला ट्रॅफिक तुंबल्याचा फोन आला. अदितीला कशेळीला घरी जायची घाई. तिने ओलीच बशी आत सरकवली, तीही भाविकाच्या बशीला लागून! अगं बाई, जरा थांब की, असं मला ओरडावंसं वाटलं. पण काचेला कुठली वाचा?

सकाळी तिनेच झाकण सरकवलं. भपकन वास आला. भाविकाचं हिरवं संयुग निळं पडलं होतं. पिरिडिनची वाफ जाऊन तांब्याला चिकटली होती, आणि अदितीच्या ते लगेच ध्यानात आलं. आपली बशी उचलून तिने तोंडाला कुलूप लावलं.

वास मात्र माझ्या खड्यांत मुरला होता. भाविकाने संयुग पुन्हा बनवलं, पुन्हा माझ्यातच ठेवलं, पुन्हा निळं! तपासणीत नायट्रोजन जास्त निघाला. दोघींच्या गाइड निवेदिता मॅडम चिडल्या. "जास्तीचा लिगँड नीट धुऊन काढलाच नाहीस. किती वेळा सांगायचं? आता हे संयुग प्रोजेक्टमधून काढूया."

अदिती खाली मान घालून ऐकत राहिली. त्या दिवसापासून तिचा जेवणाचा डबा तसाच परत जाऊ लागला. भाविकाच उलट तिला विचारी, "तुला बरं न्हाय का गं?" मग तर अदितीला मेल्याहून मेल्यासारखं होई.

शेवटी भाविका प्रोजेक्ट सोडायचं ठरवून आपलं काचसामान धुऊन परत करायला आली. "माझ्या हातालाच गुण न्हाय," ती म्हणाली. "घरी सगले सांगत होते, तुला झेपायचं न्हाय. खरंच होतं त्यांचं."

अदितीला राहवेना. "तुझा हात नाही गं, माझा! ओली बशी मी ठेवली होती. पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. मॅडमना आत्ता जाऊन सांगते."

"म्हंजे पयल्यांदाच बरोबर झालेलं?" भाविका म्हणाली आणि स्टुलावर बसून रडू लागली. तिने शिव्या घातल्या असत्या तर अदितीला सोपं गेलं असतं.

अदितीने सगळं सांगितल्यावर मॅडमनी संयुग प्रोजेक्टमधून काढलं नाही. अदितीने मला घासलं, नवे खडे भरले. काल भाविकाची नवी बशी रात्रभर माझ्यात होती. सकाळी संयुग हिरवंगार निघालं. तरी बशी खिडकीच्या उजेडात धरून भाविका अदितीला पुन्हा पुन्हा विचारत होती, "नक्की हिरवंच हाय ना गं?"

मित्रांनो, मला वेळेवर ग्रीस लावा, खडे बदला, मी लगेच कामाला लागतो. आणि तुमच्या हातून दुसऱ्याचं काही बिघडलं, तर त्याच सकाळी सांगून टाका.