ताईंचा घोट

हवेचा बारीकसा फवारा दाताच्या मुळाशी लागला आणि ताईंनी खुर्चीचा हात गच्च धरला. डोळ्यांतून घळकन पाणी आलं. दातांचा डॉक्टर त्यांचाच भाचा. दात घासायचा कंटाळा करी म्हणून लहानपणी त्याचा कान त्यांनीच पिळलेला. आता पाळी त्याची होती.

"दात कशाने घासतेस आत्या? काथ्याने?"

ताई ओशाळल्या. तीस वर्षं त्या चहाच्या कंपनीत चहा चाखत होत्या. कालची चव आज तोंडात राहू नये म्हणून रोज सकाळी कडक ब्रशने खसाखसा दात घासायचे, हा त्यांचा नेम. त्या नेमानेच हिरडीजवळचं कवच झिजवलं होतं. चहा चाखायचा म्हणजे चमच्यातला घोट हवेसकट सुर्रकन ओढायचा, आणि गेले दोन महिने ती हवा दातांत सुईसारखी घुसत होती. ताईंनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. घोट नुसता तोंडात धरायचा, वास घ्यायचा, रंग बघायचा आणि अंदाजपंचे शेरा लिहायचा. शेजारी बसून चाखणारी त्यांच्या हाताखालची बाई भारी हुशार. तिला कळलं की आपली खुर्ची गेलीच, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती.

भाच्याने पडद्यावर कवच झिजलेल्या दाताचा फोटो दाखवला, हजारो पट मोठा केलेला. नुसती भोकंच भोकं, चाळणीसारखी. एकेक भोक म्हणजे आत नसेच्या दिशेने गेलेली नळी, असं तो सांगत होता, आणि ताई तोंड मिटायचं विसरल्या. साठीला टेकलेल्या बाईच्या तोंडात एवढं मोठं गाव वसलेलं आणि तिला त्याचा पत्ता नाही!

मग दोघांनी रंगीत चष्मे चढवले. लेसरचा तांबडा ठिपका एकेका दातापाशी थांबत पुढे सरकला. ना आवाज, ना कळ. त्यावर भाच्याने पांढरा लेप लावला. त्यात काचेची भुकटी आहे म्हणाला. काच ऐकून ताई दचकल्या. पण ही काच म्हणे लाळेत विरघळते, आणि दात ज्या खनिजाचा बनलेला असतो तसंच खनिज नळ्यांच्या तोंडाशी धरू लागतं. कुणाला लगेच गुण येतो, कुणाला आणखी दोन-चार खेपा घालाव्या लागतात, हेही त्याने सांगितलं. निघताना हातात मऊ ब्रश दिला. ताईंनी तो मुकाट्याने घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या सगळ्यांच्या आधी चाखण्याच्या खोलीत पोचल्या. गेल्या महिन्यात पास केलेला एक नमुना त्यांनी उकळत्या पाण्यात मुरवला, चमचा भरला, डोळे मिटले आणि सुर्रकन ओढला. कळ आली नाही. चव टाळूपर्यंत चढली, गालांत पसरली. ताईंना भरून आलं. काय देणं आहे हे, आणि आपण ते गृहीत धरून बसलो होतो!

मग चवीच्या तळाशी करपट वास लागला. या चहावर त्यांनी 'उत्तम' लिहिलं होतं.

त्या तशाच गोदामात गेल्या. माल एव्हाना बाजारात गेला असणार, तीस वर्षांचं नाव मातीत. पण माल तिथेच होता. भिंतीशी अकरा थप्प्या वेगळ्या लावलेल्या, प्रत्येकीवर एकाच हस्ताक्षरातली चिठ्ठी: 'ताई पुन्हा चाखणार आहेत. तोपर्यंत पाठवू नये.' सर्वांत जुन्या चिठ्ठीवर दोन महिन्यांपूर्वीची तारीख होती.

पाठीमागे पावलं वाजली. ताईंच्या हातातली चिठ्ठी पाहून हाताखालची बाई दारातच थबकली.

"तुमच्या घोटाचा आवाज यायचा बंद झाला होता, ताई," ती हळूच म्हणाली. "विचारायचा धीर झाला नाही."

ताईंनी चिठ्ठी नीट घडी करून पदराशी धरली.

"अकरा पेले मांड," त्या म्हणाल्या. "आधी तू चाख."