नागपूर ते कलकत्ता, चार तास

हांड्यावरचं झाकण खडखडलं, तशी जमुना दचकली. फुलचूर गावातल्या तिच्या अंगणात मघापासून सारं चिडीचूप होतं.

नागपूरच्या विमानतळावर कामाला असलेल्या तिच्या नवऱ्यानं, धनसिंगनं, लिहिलं होतं, "मंगळवारी पहिल्यांदाच विमानात बसून कलकत्त्याला चाललो. सहाशे मैल, चार तास. बाराला उडलो की अर्ध्या तासात आपल्या घरावर. माझं पांढरं धोतर अंगणात पसरून ठेव, वरून घर ओळखीन."

गिरणीचा बाराचा भोंगा होताच तिनं धान उकडायला ठेवलं होतं. एका हांड्याला अर्धा तास, हेच तिचं घड्याळ. आता दुसरा हांडाही उकडत आला होता. आभाळात एक घार तेवढी फिरत होती.

ओसरीतून सासू देवकाबाई कडाडली, "उचल ते धोतर! मेल्या माणसावर टाकतेत तसं भुईवर कायले पसरून राहिली?"

जमुना वाकली. पण उचललं, तर त्यांना घर दिसणार कसं? धोतराचं टोक हातात धरून ती तशीच थबकली.

चार वर्षांची बायजा घारीकडे बघत होती. घार खाली आली न् आंब्यावर बसली.

"माय," बायजानं विचारलं, "इमान थकलं तं कुठं बसते?"