चेअरमनच्या हातातला पाईप

गीताबाईंना राग आला की त्या भांडत नसत, आरास मांडत. महालक्ष्म्यांपुढे खेळणी मांडायची रीत घरोघर आहे. बाकीच्या बायका वाघ, मोटारी, बाहुल्या ओळीनं लावून मोकळ्या होतात. गीताबाई मात्र जत्रेतली प्लास्टिकची चिमुकली माणसं आणून, बारीक कुंचल्यानं रंगवून, त्यांतून अख्खं गाव उभं करायच्या. त्यामुळे निम्म्या बायका देवीला यायच्या आणि निम्म्या आपण त्यात आहोत का ते बघायला.

यंदा दुष्काळ. टँकर तेलगावच्या बाजूनं यायचा, आधी सुंदरराव चेअरमनच्या विहिरीत अर्धा रिकामा व्हायचा, आणि गीताबाईंच्या वरच्या आळीला पोचेपर्यंत त्याच्यात नुसता आवाज उरायचा. सुंदरराव म्हणजे गावच्या दूध संस्थेचे चेअरमन आणि गीताबाईंचे भावकीतले धाकटे दीर. त्यांच्या म्हशी रोज न्हायच्या. वरच्या आळीची पोरं पाळीपाळीनं. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण संस्थेत दूध घालायचं तेही त्यांच्याच हातात आणि टँकर यायचा तोही त्यांच्याच शब्दावर, मग मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

गीताबाईंनी बांधली. एका बंदूकवाल्या शिपायाची बंदूक विळीवर कापली, त्याला गुलाबी फेटा, पांढरा सफारी आणि झुपकेदार मिशा रंगवल्या, आणि खेळण्यातल्या टँकरवर उभा केला. बंदूक गेली तरी हात धरल्यासारखेच राहिले होते. त्या हातांत वायरीचं काळं कातडं पाईप म्हणून फेविक्विकनं चिकटवलं आणि त्याचं दुसरं टोक करवंटीच्या विहिरीत सोडलं. विहिरीवर तीन म्हशी. हौदापाशी घागरी घेतलेल्या बायकांची रांग. लक्ष्म्या यायच्या आदल्या दिवशीच आळीतल्या बायका बघून गेल्या आणि पोट धरधरून हसल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला: "संध्याकाळी चेअरमनसाहेब लक्ष्म्यांना नमस्कार करायला येतेत. त्यांचा बाहुला बसवलाय म्हनं, लई खूश हायेत. उद्या पुरनावरनासाठी वरच्या आळीला भरलेला टँकर सोडनार हायेत."

गीताबाईंनी टँकरवरच्या बाहुल्याकडे बघितलं. सणाला आळीत पाणी येणार होतं, आणि तो पाईप बघितला की ते पाणी मेलंच. बाहुला लपवावा तर साहेब तोच बघायला येणार. म्हणजे बाहुला हवा, फेटा हवा, मिशा हव्यात, फक्त पाईप नको.

"वढून काढ की," जाऊ छबुबाई म्हणाल्या.

"हात येतील संगं. थोट्या चेअरमनला काय दाखवू?"

छबुबाईंनी उकळतं पाणी सुचवलं. नशीब, आधी वाघावर करून बघितलं. वाघाचे पाय मऊ पडले आणि तो लोटांगण घालायला निघाल्यासारखा आडवा झाला. मग छबुबाई सुनेच्या कपाटातून नेलपॉलिश काढायची बाटली घेऊन आल्या. ती रांगेतल्या एका बाईवर लावली. गोंद जरा हलला, पण बाईचं नाक, डोळे, कुंकू सगळं बोळ्याला आलं आणि खालचं प्लास्टिक चिकट झालं.

"अगं बया, ही तर मीच हाय!" छबुबाई ओरडल्या. लुगड्याच्या रंगावरनं त्यांनी स्वतःला ओळखलं. गीताबाईंना हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

तेवढ्यात बांगड्यावाली हजराबी सणाच्या बांगड्या भरायला आली. तिनं टँकर उलटासुलटा करून बघितला.

"गरम नको करू, गीताक्का. थंड कर. माज्या खड्याच्या बांगड्या हायेत ना, तेच गोंद लावते मी. उन्हाळ्यात खडा हलत न्हाई, आन कडक थंडी पडली की टपाटपा गळतेत. खात्री न्हाई देत बरं का. माझं तर त्याच्यात नुकसानच झालंय."

थंड करायचं, पण कुठं? आळीत वीज सकाळीच गेली होती. गावात जनरेटरवर चालणारा फ्रीजर एकच, दूध संस्थेतला. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचं, त्याच्याच घरात न्यायचं.

गीताबाईंनी टँकर पदराखाली घेतला. हजराबी पुढं, छबुबाई मागं. संस्थेचा सचिव राधाकिशन माशा मारत बसला होता. दुष्काळात दूधच नव्हतं, तर फ्रीजरमध्ये श्रीखंडाचे चार डबे सोडून काय असणार? त्यानं पदराखालचा बाहुला बघितला, पाईप बघितला, आणि तोंडात खांद्यावरचा गमजा कोंबून हसला.

"ठिवा आत," तो म्हणाला. "साहेबाला थंड ठिवायची तर माजी रोजचीच नोकरी हाय."

चेअरमन श्रीखंडाशेजारी गारठत पडले. बाहेर तिघी जणी दर मोटारसायकलच्या आवाजाला दचकत बसल्या. बऱ्याच वेळानं राधाकिशननं बाहुला काढला तेव्हा मिशांवर दव धरलं होतं. गीताबाईंनी टँकर घट्ट धरला. हजराबीनं शिवणाचा दोरा पाईप आणि हाताच्या फटीत घातला आणि करवतीसारखा हळूहळू ओढला. टक्! एक हात सुटला. पुन्हा टक्! पाईप खाली पडला. रंगाचा टवकासुद्धा उडाला नाही. गीताबाईंनी हजराबीचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. इतकं सुख त्यांना पोरगी उजवल्यावर झालं होतं.

संध्याकाळी सुंदरराव आले. मागं चार माणसं, एकाच्या हातात मोबाईल फोटोसाठी. आळीतल्या बायका दारात दाटल्या. सुंदररावांनी लक्ष्म्यांना नमस्कार केला, आराशीपुढं उकिडवे बसले, आणि टँकरवरच्या स्वतःकडे बघत राहिले.

"वैनी," ते म्हणाले, "पाईप कुठाय?"

गीताबाई देवीच्या आडोशाला सरकल्या.

"पाईप कावून काढला? सकाळपासून गावात दुसरा विषय न्हाई. तेलगावच्या पावन्यानं फोन करून इचारलं, पाईप कसला म्हनून! आता मी आलो आन पाईप न्हाई, तर लोक काय म्हनतील? चेअरमननं पानी पळवलं, वर भावजयीला दमबी दिला!"

आता त्यांच्या आवाजात राग नव्हता, काकुळती होती. त्यांची कीव करावी की त्यांना हाणावं, हे गीताबाईंना कळेना. त्यांनी देवीमागं लपवलेला पाईप काढून त्यांच्या तळहातावर ठेवला.

"चिटकवा परत," सुंदरराव हळूच म्हणाले. "फकस्त त्याचं तोंड तेवढं आळीच्या हौदात सोडा. मंग फोटू काढू."

बायकांत खसखस पिकली. उद्याचं पाणी एका शब्दावर होतं, हे गीताबाईंना पक्कं ठाऊक होतं. तरी बोलायचं ते बोलल्याच.

"भावजी, आदी खरा सोडा. हे चिटकवलं का काढाया लई जड जातं, आज दिवसभर बघितलंय मी. खोटं न्हाई चिटकवायची मी."

सुंदररावांचे कान लाल झाले. चार माणसं जमिनीकडे बघू लागली. मग सुंदररावांनी खिशातून फोन काढला.

"हां, कुठंयस बे? विहिरीवर? बंद कर. बंद कर म्हनलं! टँकर तसाच वरच्या आळीला आन. न्हाई, उद्या न्हाई. आत्ता."

अंधार पडायच्या आत आळीच्या तोंडाशी हॉर्न वाजला, आणि चढावर गाडी कण्हत कण्हत येऊ लागली. रिकाम्या टँकरचा आवाज वेगळा असतो, भरलेल्याचा वेगळा. तो आळीनं ओळखला. छबुबाई घागरीसाठी धावल्या, हजराबी बांगड्यांची पेटी तिथंच टाकून धावली, फोटो काढणारा कळशी धरायला धावला, आणि शेवटी गीताबाईसुद्धा पदर खोचून हंडा घेऊन पळाल्या.

घरात महालक्ष्म्या तेवढ्या राहिल्या, आणि त्यांच्यापुढं उकिडवे बसलेले सुंदरराव चेअरमन, तळहातावर तो काळा पाईप घेऊन, कुणी चिकटवायला येतंय का याची वाट बघत.