कोपऱ्यातला चौरस

मित्रांनो, माझे नाव तुम्ही बहुधा ऐकलेले नाही, आणि त्यात तुमचा दोष नाही. मी एक प्लॅनिमीटर आहे. जुना, पण मोडका नव्हे. पितळेच्या दोन दांड्या, एका दांडीच्या टोकाला सुई आणि सांध्याजवळ बारीक रेघा कोरलेले एक लहानसे चाक, एवढेच माझे शरीर. नकाशावरील कितीही वेड्यावाकड्या आकृतीच्या कडेवरून माझी सुई एकदा फिरवून मूळ जागी आणली, की चाक जितके फिरले त्यावरून त्या आकृतीचे क्षेत्रफळ कळते. पाहणाऱ्यांना ही जादू वाटते. ते गणित आहे.

माझा जन्म जर्मनीतला. १९६२ साली मी लाकडी पेटीतून नागपूरला आलो. येथे तेलाची विहीर नाही. पण गुजरात आणि आसाम या दोन्हीकडच्या तेलक्षेत्रांचे मोजमाप करून देणाऱ्या एका कंपनीने रेल्वेच्या सोयीमुळे आपले गणिताचे कार्यालय येथे थाटले होते. जमिनीखाली तेल कोठवर पसरले आहे हे दाखवणारे नकाशे तिकडून येत. त्या सीमेच्या आतले क्षेत्र मी मोजत असे, आणि त्या आकड्यावरून तेल किती, नव्या विहिरी किती, हे ठरे. नकाशे सांभाळणारे शिपाई दादाजी म्हणत, "जिंदगी तेलाच्या हापिसात गेली, अन् घरी फोडणी जवसाच्याच तेलाची."

पहिली सहा वर्षे मी घाईच्या हातांत काढली. मग सत्यवती गजभिये आल्या. त्यांचे वडील गिरणीत कामाला होते. छपन्न साली त्या घराने दीक्षा घेतली तेव्हा सत्यवतीबाई दहा वर्षांच्या होत्या. पुढे त्या पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हातात घेतले आणि विचारले, "हा खरं सांगते, हे कोणी पाहिलं काय?"

कोणीही पाहिले नव्हते. त्यांनी ज्ञात मापाचे वर्तुळ काढून माझ्याकडून दहा वेळा मोजून घेतले, आणि मगच मला नकाशाला हात लावू दिला.

प्रत्येक सीमा त्या दोनदा मोजत. एकदा माझी दांडी डावीकडे ठेवून, एकदा उजवीकडे. सांध्यातली चूक एका बाजूने वाढते, दुसऱ्या बाजूने घटते; सरासरीत ती उरत नाही. परंतु त्यांची खरी नजर माझ्यावर नव्हे, कागदावर असे. कागद हा स्थिर पदार्थ नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हात तो आकसतो, आणि खसचे कूलर सुरू झाले की त्याच कागदाला ओल लागून तो फुगतो. डोळ्यांना हे दिसत नाही. नकाशा काढतानाच त्याच्या कोपऱ्यात दहा सेंटिमीटर बाजूचा एक चौरस काढलेला असे. बाकीचे लोक त्याला सजावट समजत. सत्यवतीबाई सर्वांत आधी तो चौरस मोजत. शंभर यायला हवे तेथे एकशे एक आले, तर कागद किती फुगला ते कळे आणि अंतिम आकडा त्याच प्रमाणात कमी करता येई. त्यांनी हे कोठे लिहिले नाही, कारण त्यांना कोणी विचारले नाही.

विभागप्रमुख मनोहरराव पाहुण्यांना सांगत, "आमच्या विभागाचा आकडा म्हणजे आकडा." आकड्याखाली सही त्यांची असे. बाईंची नेमणूक तात्पुरती होती. ती दर अकरा महिन्यांनी संपे आणि चार दिवसांनी पुन्हा सुरू होई. अशी सोळा वर्षे गेली.

१९८४ च्या मे महिन्यात मुंबईहून वसंत नावाचा एक तरुण अभियंता संगणक घेऊन आला. सोबत एक मोठी पाटी होती. पाटीवर नकाशा पसरायचा, हातातले बटणाचे भिंग सीमेवरून फिरवायचे, की पडद्यावर क्षेत्रफळ उमटे, दशांशानंतर सहा अंकांसह. मला फक्त एक अंक सांगता येतो.

मनोहररावांनी बाईंना बोलावले. "एकच नकाशा दोघांनी मोजायचा. तुमचा आकडा बरोबर ठरला तर तुमची नेमणूक कायम करण्याची शिफारस मी करीन. यंत्राचा ठरला, तर तुम्हीच समजून घ्या."

नकाशा रात्रभर कूलरसमोरच्या फळीवर राहिला होता. यंत्राने ४१२.३ सांगितले आणि पुढे पाच अंक. आम्ही सांगितले ४०५.८.

"साडेसहाचा फरक," मनोहरराव म्हणाले. "बाई, वय झालं तुमच्या पितळेचं."

वसंतही नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हाताने थोडं इकडेतिकडे होतंच."

जेवणाच्या सुटीत दादाजी टेबलाशी आले. "काहून वं बाई, चुप काहून बसली? चूक मशीनची आहे ना?"

"कागदाची आहे. मशीन कागदावर इश्वास ठेवून राहिली."

"मंग एक ऐक. चौरसाचं त्याईले सांगू नको. दोन-चार महिने चुकू दे मशीनले. चांगली थोबाडावर आपटली का मनोहरराव तुह्या दारात उभा राहीन."

"अन् तोवर जिथं तेलच नाही तिथं विहिरी खणतीन, त्याचं काय गा, दादाजी?"

"त्या का तुह्या बापाच्या आहेत?"

बाई हसल्या. मग बराच वेळ माझे चाक बोटाने फिरवत राहिल्या. "आकडा चुकीचा आहे हे माहीत असून बसणं मले नाही जमत," त्या म्हणाल्या. "अन् साहेबानं शब्द देला आहे."

सुटी संपल्यावर त्यांनी वसंतला एवढेच सांगितले, "तुमच्या यंत्रानं कोपऱ्यातला चौरस मोजा."

पडद्यावर १०१.६ उमटले. वसंतने पट्टी मागवली, चौरसाची बाजू तपासली, आणि त्याचे कान लाल झाले. चारशे बारा पूर्णांक तीनला एक पूर्णांक सोळा सहस्रांशाने भागले, तर बाईंचाच आकडा येत होता. "हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. त्याने बाईंसाठी खुर्ची ओढली आणि सर्व पद्धत विचारून घेतली. त्यांनी ती सविस्तर सांगितली. सोळा वर्षांत प्रथमच कोणी विचारले होते. त्यांना इतक्या आनंदाने बोलताना मी कधी पाहिले नव्हते.

चहा येईपर्यंत वसंतने ती पद्धत संगणकात घातली. नकाशा पुन्हा मोजला. पडद्यावर ४०५.८ आले.

मनोहररावांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले. "बाई, तुमचाच आकडा बरोबर होता. मी मान्य करतो."

"मग शिफारस, साहेब?"

"आता यंत्राचाही बरोबर येतो आहे," ते शांतपणे म्हणाले. "दोन बरोबर आकडे ठेवून मी काय करू?"

वसंत पडद्याकडे पाहत राहिला. दादाजी कपबशा गोळा करू लागले. कोणीही वाईट बोलले नाही.

जूनमध्ये बाईंचे अकरा महिने संपले, आणि चार दिवसांनी काहीच सुरू झाले नाही. त्यांचे स्टूल काढून तेथे पाटीचा स्टँड ठेवला गेला. त्यांच्या पद्धतीला यंत्राच्या पुस्तिकेत एक परिच्छेद मिळाला. त्यात नाव कोणाचेच नाही. पुढे न फुगणाऱ्या, न आकसणाऱ्या पारदर्शक फिल्मवर नकाशे येऊ लागले, आणि तो परिच्छेदही वगळण्यात आला. मी कपाटात आहे. माझे चाक अजून अचूक फिरते, परंतु हे तपासणारे कोणी नाही, म्हणून तुम्हीही त्यावर विश्वास ठेवू नका.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे मी सांगणार नाही. पितळेला दुःख होते याचा पुरावा नाही. नवे यंत्र माझ्याहून चांगले होते, आणि त्या दिवसापासून ते अधिकच चांगले झाले. एवढेच सांगतो: एखाद्याने तुमची चूक दाखवली आणि तुम्ही ती सुधारली, तर त्याच दुपारी त्याला विचारा की आता तुझे काय होणार. त्या खोलीत तिघे पुरुष होते, आणि हे त्यांपैकी एकानेही विचारले नाही.