चौघी समोर होत्या

“काढून टाक तो मेसेज,” मोठ्या सिस्टर पुटपुटल्या. “पोरींनी गंमत केली. तू कशाला मध्ये पडलीस?”

दुपारी आमच्या डोळ्यांच्या वॉर्डच्या ग्रुपवर कुणीतरी नव्या नर्सचा फोटो टाकला होता. परदेशातून आलेली, काळीभोर मुलगी. खाली लिहिलं होतं, ‘पेशंटच्या डोळ्यांना पट्टी आहे म्हणून बरं, नाहीतर घाबरून मेले असते.’ त्यावर एका वॉर्डबॉयनं तिच्या अंगाबद्दल लिहिलं, ते इथं सांगवत नाही. मग हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ती मुलगीही त्याच ग्रुपवर होती.

रोज पूजेला बसले की मी एकच मागते, जीभ गोड राहू दे. म्हणून गोडच लिहिलं, ‘ती आपल्यासारखीच नर्स आहे. तिच्या रंगावर आणि अंगावर कृपया कुणी बोलू नका.’

सगळ्यांनी वाचलं. चहाला हाक आली नाही. मी दारात गेले की बोलणं तुटायचं आणि नजरा माझ्या आरपार भिंतीवर जायच्या.

“नाही काढलास तर इथं तुला कुणी विचारणार नाही.”

“नाही काढत, सिस्टर.”

“तुझं बरंय बाई, तुला देव आहे जोडीला. आम्हाला माणसांत राहायचंय!”

संध्याकाळी ड्यूटी बदलताना आम्ही प्रत्येक खाटेपाशी पेशंटची माहिती मोठ्यानं सांगतो. डोळे बांधलेल्यांना कळावं, आता कोण आलं. येणारीनं ‘घेतलं’ म्हटल्याशिवाय जाणारीनं हलायचं नसतं.

चौघी समोर होत्या. रात्रपाळीला आलेल्या. त्यातली एक माझी जिवाभावाची मैत्रीण.

“पहिली खाट. ताप नाही, जेवल्या.”

‘घेतलं’ आलं नाही.

“दुसरी. उद्या घरी.”

मैत्रिणीचे ओठ हलले. तिनं शेजारणीकडे पाहिलं आणि ते मिटले.

शेवटच्या खाटेवरच्या आजींनी पट्टी बांधलेला चेहरा माझ्याकडे वळवला, मग त्या चौघींच्या दिशेनं कान दिला.

“सिस्टर, कुणाशी बोलताय? तिथं तर कुणीच नाही.”

चौघींचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. क्षणभर मलाच शंका आली.

“आहेत, आजी. चौघीजणी आहेत.”

“मग बोलत का नाहीत?”

‘घेतलं’ अजून कुणी म्हटलं नव्हतं. मी पर्स खाली ठेवली. हात धुतले. थेंब घालायला आजींची पट्टी हळूच सोडवू लागले.

आजींचा डोळा उघडायच्या आत चौघीही एक पाऊल मागे सरकल्या.