मी दाद देत नव्हतो

मित्रांनो, मी एक जुना लाल दिवा आहे. आकाराने हरभऱ्याएवढा. गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका यंत्राच्या कपाळावर मला बसवले आहे. कारखान्यात मला एकच काम नेमून दिले होते: आवाज यंत्राला पेलवेनासा झाला की पेटायचे.

आवाजाची लाट असते, हे तुम्हाला ठाऊक असेलच. यंत्रात तिच्यासाठी ठरावीक उंचीची जागा असते. लाट त्याहून उंच उठली, की तिचा माथा छाटला जातो. डोंगराचे शिखर कापून सपाट पठार करावे, तसा. मग ऐकताना नेमकी तिथे चरचर येते.

माझे पहिले मालक सगळ्यांचे मामा होते. मी नुसता लुकलुकलो तरी ते हात वर करून गाणे थांबवत. "थांबा, दिवा बोलला," म्हणत, आवाजाचे बटण जरा मागे घेत आणि पुन्हा गायला लावत. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते माझे कौतुक सांगत.

पुढे मामा थकले आणि त्यांचा भाचा खुर्चीवर बसला. मनाने वाईट नाही तो. पण त्याच्या गिऱ्हाइकांना सारे दणदणीत हवे असायचे. त्याने बटण पुढे सारले, मी पेटलो, आणि तो टाळी वाजवून ओरडला, "लाल लागला! आता कसं दमदार!" मी जीव तोडून थांबा म्हणत होतो, आणि त्याला ती दाद वाटली! तेव्हापासून मी पेटेपर्यंत त्याला चैन पडेना. मला ना तोंड, ना हात. सांगणार कसे?

एकदा एक लेक आपल्या आईला घेऊन आली. आईच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली होती. नंतर गाता येईलच, असे डॉक्टर सांगत नव्हते. लेकीला दिवस गेले होते, आणि आईने नातवंडासाठी स्वतः अंगाई रचली होती.

"आजीचा हा आवाज बाळाला ऐकायला मिळाला पाहिजे, दादा," लेक म्हणाली.

"काकू, मोकळ्या गळ्यानं गा. लाल लागू दे!"

"अरे, अंगाई आहे ही. आरोळी ठोकू का?" आई हसली.

भाच्याने बटणच पुढे सारले. शेवटच्या कडव्यात तिचा सूर वर चढला आणि मी पेटलो, तो विझेचना. भाच्याने खुशीत अंगठा उंचावला. दणदणाटाला सरावलेल्या त्याच्या कानांना काहीच खटकले नाही.

बाळ झाल्यावर त्या दोघी परत आल्या.

"वरच्या सुराला चरचर येते, दादा. बाळ दचकून रडतं."

"तुमचा स्पीकर फुटला असेल."

"नवीन आणला. शेजारच्यांचाही लावून पाहिला."

भाच्याने गाणे इथे वाजवले. आवाज कमी केला, तर चरचर बारीक झाली, गेली नाही. जाणार कशी? कापलेल्या डोंगराचे चित्र लहान केले, म्हणून शिखर परत येत नाही. बिचारा स्पीकर उगीच बोलणी खात होता.

"मग पुन्हा घेऊ या की," भाचा बोलून गेला, आणि मग त्याची नजर वर गेली. शस्त्रक्रिया झालेल्या आईच्या गळ्याभोवती रुमाल होता.

"घे. उरलाय तेवढा घे," ती कशीबशी म्हणाली. त्या घोगऱ्या श्वासातच तिने अंगाई म्हटली. मी एकदाही पेटलो नाही.

"दिवा लागत नाहीये, काकू. थोडं वाढवू?"

"हात लावू नका त्याला!" लेक ओरडली. तिचे डोळे भरले होते.

या वेळी चरचर नव्हती. खरखर होती, पण ती आजीची होती.

वाटले, आता तरी भाचा शहाणा होईल. दुसऱ्याच दिवशी वाजवणाऱ्यांचा एक ताफा आला आणि हा पुन्हा, "लाल लागू द्या रे!" पालथ्या घड्यावर पाणी!

मित्रांनो, आवाज थोडा कमी पडला तर नंतर वाढवता येतो. छाटलेला मात्र कुणालाच जोडून देता येत नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या अशा यंत्रापुढे बसलात, तर माझ्यावर एवढे उपकार करा: मला विझलेलाच राहू द्या.